फाल्गुनातला हिशेब, आषाढातले पाणी

ज्या वस्तूची गरज वर्षातून चारच महिने लागते, तिच्यासाठी बारा महिने पैसा बाजूला काढून ठेवणे मनुष्यस्वभावात सहसा बसत नाही. छत्री आपण मृगाच्या आदल्या दिवशी शोधावयास लागतो. आणि गटारांच्या बाबतीत नगरपालिकांची वृत्तीही याहून फारशी निराळी आढळत नाही. नगरपालिकेचे अंदाजपत्रक तयार होते माघ-फाल्गुनात. त्या वेळी आकाश निरभ्र असते, नाले कोरडे पडलेले असतात, आणि रस्ते, शाळा, दवाखाने, बागा अशी शेकडो कामे पैशासाठी हात पुढे करून उभी असतात. पाऊस येतो आषाढात. तोपर्यंत रकमा वाटून झालेल्या असतात. फाल्गुन आणि आषाढ यांमधील हे अंतर नगरांनी कसे भरून काढले, किंवा कसे भरून काढले नाही, हाच पर्जन्यजलाच्या निचऱ्याच्या इतिहासाचा खरा विषय आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या वाचकांना या विषयाची साक्ष दूर शोधावयास नको. दिल्लीत राहिलेल्यांना मिंटो पूल ठाऊक आहेच. शेजारच्या रेल्वे-स्थानकाचे नाव पुढे ‘शिवाजी ब्रिज’ झाले. परंतु पहिल्या मोठ्या सरीबरोबर पुलाखाली पाणी तुंबण्याची परंपरा नामांतरानंतरही कित्येक दशके चालूच राहिली. त्याच दिल्लीच्या निचऱ्याचा सर्वंकष आराखडा १९७६ साली झाला होता; नव्या आराखड्याचे काम आय. आय. टी. दिल्लीच्या तज्ज्ञांनी हातावेगळे केले तेव्हा २०१८ साल उजाडले होते. मधल्या बेचाळीस वर्षांत राजधानी किती पसरली, हे निराळे सांगावयास नको.

असे का व्हावे? याचे कारण शोधताना अधिकाऱ्यांच्या आळसावर किंवा लोकप्रतिनिधींच्या अदूरदर्शित्वावर बोट ठेवणे सोपे असते. पण मूळ अडचण त्या पाण्याच्या स्वरूपातच आहे. पिण्याचे पाणी विकता येते. त्याला मापक बसविता येतो आणि देयक न भरणाऱ्याची तोटी बंद करता येते. पावसाचे पाणी कोणी मागितलेले नसते आणि ते कोणाला विकताही येत नाही. उंचावर राहणाऱ्याच्या छपरावरचे पाणी सखल वस्तीतील मनुष्याच्या उंबऱ्यात शिरते. ज्याच्यामुळे खर्च उद्भवतो त्याला झळ लागत नाही, आणि ज्याला झळ लागते त्याच्याजवळ बहुधा पैसा नसतो. यास्तव पैसा कोणी द्यावा, तो किती पिढ्यांत वाटावा, आणि कोणत्या खाती जमा व्हावा, हे तीन प्रश्न प्रत्येक नगरापुढे उभे राहतात. तीन नगरांच्या इतिहासात त्यांची निरनिराळी उत्तरे सापडतात. त्यांपैकी एक आपले मुंबई नगर आहे. परंतु आरंभ लंडनपासून करणे सोयीचे.

२

१८५५ च्या कायद्याने लंडनसाठी ‘मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्स’ ही संस्था निर्माण झाली आणि जोसेफ बॅझलगेट हा तिचा मुख्य अभियंता झाला. त्याचा आराखडा तयार होण्यास विलंब लागला नाही. विलंब लागला तो मंजुरीला. बोर्डाच्या योजनेला सरकारी बांधकाम खात्याच्या प्रमुखाची संमती हवी होती. आणि गटारांची मुखे नदीत कोठे सोडावीत, व ती अधिक दूर नेण्याचा जादा खर्च कोणी सोसावा, या वादात दोन वर्षे निघून गेली. पत्रव्यवहाराच्या या जातीशी आपल्यापैकी बहुतेकांचा परिचय असेल.

मग १८५८ चा उन्हाळा आला. टेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली, की नदीकाठच्या पार्लमेंटगृहात पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगावे लागले. जुलैच्या मध्यावर डिझरेलीने विधेयक मांडले आणि ऑगस्टच्या आरंभी त्याचा कायदा झाला. जे काम दोन वर्षांच्या युक्तिवादाने झाले नाही, ते सभासदांच्या नाकाला वास लागताच तीन आठवड्यांच्या आत उरकले. ही हकीकत नेहमी विनोदाने सांगितली जाते. परंतु त्या कायद्यातील आर्थिक तरतूद विनोदाहून अधिक लक्षात ठेवण्यासारखी आहे.

बोर्डाला तीस लाख पौंड कर्ज उभारण्याची मुभा मिळाली. त्या कर्जाला सरकारी खजिन्याची हमी होती, त्यामुळे ते माफक व्याजाने मिळू शकले. आणि फेडीसाठी लंडनच्या घरांवर पौंडामागे तीन पेन्स अशी पट्टी चाळीस वर्षांकरिता बसविण्यात आली. त्या वेळच्या पौंडात २४० पेन्स असत. म्हणजे करपात्र मूल्याचा ऐंशीवा हिस्सा. पट्टी लहान, मुदत दीर्घ, आणि पैशाचा उपयोग कायद्यानेच ठरलेला. दरवर्षी फाल्गुनात — त्यांच्या फाल्गुनात म्हणू — हात पसरण्याची पाळी अभियंत्यावर येणार नव्हती. नदीकाठच्या बांधाचे काम पुढे निघाले, तेव्हा त्यासाठी लंडनमध्ये येणाऱ्या कोळशावरील व मद्यावरील जुन्या जकातीचे उत्पन्न लावून देण्यात आले. खर्च अंदाजाबाहेर गेला; १८७५ पर्यंत मुख्य निचऱ्याच्या कामाला सुमारे बेचाळीस लाख पौंड लागले. तथापि पैशाअभावी काम अर्धवट राहिले नाही, कारण उत्पन्नाचा झरा आटणारा नव्हता.

यातील तत्त्व साधे आहे. शंभर वर्षे टिकणाऱ्या वस्तूचा खर्च एका वर्षाच्या करदात्याकडून वसूल करणे अन्यायाचे होय. आणि तो सर्वच्या सर्व नातवंडांवर ढकलणे हेही तितकेच अन्यायाचे. चाळीस वर्षांची पट्टी हा त्या दोहोंमधला मार्ग होता. ज्या लेकरांनी ते गटार वापरले, त्यांनीही मोठे झाल्यावर त्याचे पैसे भरले.

बॅझलगेटच्या गणितात उणीव नव्हती असे नव्हे. त्याने तत्कालीन लोकसंख्येहून अधिक, म्हणजे ३४ लाख ५० हजार लोकांचा हिशेब धरला. परंतु मैला आणि पाऊस यांना त्याने एकाच वाहिनीत घातले, व पावसासाठी दिवसाकाठी पाव इंचाचीच जागा ठेवली. त्याहून मोठी सर आली म्हणजे जादा पाणी मैल्यासह नदीतच सुटावयाचे, हे त्याने जाणूनबुजून पत्करले होते. नगर वाढले, जमिनी फरसबंद झाल्या, आणि जो प्रकार क्वचित घडावयाचा तो वारंवार घडू लागला. तो थांबविण्यासाठी टेम्सखालून २५ किलोमीटर लांबीचा नवा बोगदा खोदण्याचे काम २०१६ मध्ये सुरू झाले आणि २०२५ मध्ये तो सर्व जोडांसह कार्यान्वित झाला. त्याचा खर्च साडेचार अब्ज पौंडांच्या घरात गेला. तो पाण्याच्या देयकांतून दीर्घ मुदतीने वसूल व्हावयाचा आहे. आणि त्यासाठी स्थापन झालेल्या कंपनीला नाव दिले आहे ते त्या जुन्या अभियंत्याचेच. दीडशे वर्षांनी तीन पेन्सांची पट्टी नव्या वेषात पुन्हा आली, असे म्हणावयास हरकत नाही.

३

लंडनमध्ये बॅझलगेटचे काम चालू असतानाच मुंबईतही नगरसुधारणेचे वारे वाहू लागले होते. १८६५ च्या कायद्याने म्युनिसिपल कमिशनराच्या हाती विस्तृत कार्यकारी सत्ता आली आणि त्या जागेवर आर्थर क्रॉफर्ड आला. त्याच साली कापसाच्या तेजीतून फुगलेला शेअरबाजार कोसळला. क्रॉफर्डची कर्तबगारी वादातीत होती. रस्ते, मंडया, निचरा यांची कामे त्याने धडाक्याने हाती घेतली. परंतु उत्पन्न किती, खर्च किती आणि त्यावर देखरेख कोणाची, या प्रश्नांना तो धडाका थांबत नसे. १८७१ पर्यंत नगरपालिका कर्जात रुतली, करदाते खवळले, आणि त्या चळवळीतून १८७२ चा कायदा निर्माण झाला. चौसष्ट सभासदांच्या नव्या कॉर्पोरेशनमध्ये निम्मे करदात्यांनी निवडलेले होते. मुंबईच्या स्वराज्याचा पाया असा हिशेबाच्या भांडणातून घातला गेला, ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र तिची दुसरीही बाजू आहे. बेहिशेबी खर्चाने पोळलेला करदाता हिशेबी खर्चाकडेही संशयाने पाहू लागतो. दूध पोळले म्हणजे ताकही फुंकून प्यावे लागते.

मुंबईची भूमीच अशी, की तेथे या कामात फुंकून पिणे महागात पडावे. सात बेटांमधील खाड्या बुजवून हे नगर उभे राहिले. त्याचा मध्यभाग सखल आहे. पावसाचे पाणी समुद्राला मिळावयाचे, आणि समुद्र दिवसातून दोनदा भरतीला येऊन तेच दार बंद करावयाचा. नगराच्या पर्जन्यजलवाहिन्यांच्या १८६ मुखांपैकी भरतीच्या पातळीहून उंच अशी अवघी सहा होती. ४५ तर समुद्राच्या सरासरी पातळीखालीच होती. ही जुनी यंत्रणा ताशी २५ मिलिमीटर पावसाला, तोही ओहोटीच्या वेळी, पुरेल अशी कल्पिलेली होती. शिवाय पडलेल्या पावसापैकी अर्धा जमिनीत मुरेल, असे तिच्या गणितात गृहीत होते. ज्या काळी अंगणे मातीची होती त्या काळी ते गृहीत खोटे नव्हते. पुढे अंगणांवर फरशी आली, तळी बुजली, मिठागरांवर इमारती चढल्या. वाहिनीचा व्यास मात्र तोच राहिला.

१९८५ च्या जून महिन्यात मुंबई पाण्याखाली गेली. त्यानंतर आराखडा करावयाचे ठरले. ‘ब्रिमस्टोवॅड’ या नावाने प्रसिद्ध झालेला तो अहवाल १९९३ मध्ये हाती आला. यंत्रणेची क्षमता ताशी ५० मिलिमीटरपर्यंत न्यावी, पाणी जमिनीत मुरते हे जुने गृहीत सोडून द्यावे, सखल भागांत उदंचन केंद्रे उभारून भरतीच्या वेळीही पाणी समुद्रात ढकलावे, अशा त्याच्या शिफारशी होत्या. खर्चाचा अंदाज होता सुमारे ६१६ कोटी रुपये. अहवाल उत्तम होता. त्याच्यामागे तीन पेन्सांची पट्टी मात्र नव्हती.

येथे मुंबईच्या अंदाजपत्रकाची एक बारीक गोष्ट सांगावीशी वाटते. पाणीपुरवठा आणि मलनिःसारण यांचे अंदाजपत्रक तेथे कित्येक दशके ‘ग’ या स्वतंत्र नावाने मांडले गेले. त्या खात्याला स्वतःचे उत्पन्न आहे, स्वतःचा निधी आहे. पर्जन्यजलवाहिन्या राहिल्या त्या सर्वसाधारण अंदाजपत्रकात, रस्ते आणि पूल यांच्या पंक्तीला. एकाच रस्त्याखाली शेजारी-शेजारी जाणाऱ्या दोन वाहिन्या. एकीचा खर्च तिचे गिऱ्हाईक भागविते, आणि दुसरीला दरवर्षी पंक्तीत वाढप येईल त्याची वाट पाहावी लागते. १९९३ नंतर त्या अहवालाचे भिजत घोंगडे पडले याचे इंगित मला येथे दिसते. काही कामे झाली, पुष्कळशी राहिली.

२६ जुलै २००५ रोजी दुपारी आकाश फाटले. २७ तारखेच्या सकाळी साडेआठ वाजता संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच अवधीत कुलाब्याला पाऊण शेही भरला नाही. एका तासात १९० मिलिमीटर पाणी पडले, आणि वेळ भरतीची होती. मुंबईत चारशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. आपल्यापैकी कित्येकांनी ती रात्र दूरच्या गावी दूरध्वनी कानाला लावून काढली असेल. पलीकडून घंटा वाजत नव्हती.

न्यायाने बोलावयाचे तर हे मान्य केले पाहिजे, की १९९३ चा आराखडा तंतोतंत अमलात आला असता तरी त्या दिवशीचा पूर टळला नसता. ताशी ५० ची वाहिनी ताशी १९० ला पुरी पडत नाही. पाणी अधिक लवकर ओसरले असते, इतकेच म्हणता येईल. परंतु आराखड्याची खरी कसोटी तो एक दिवस नव्हेच. ती कसोटी मधल्या वर्षांतल्या साध्या, बेताच्या पावसाच्या दिवसांत होती. ज्येष्ठ जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने २००६ मध्ये अहवाल दिला. २००७ मध्ये केंद्र सरकारने या कामासाठी सुमारे १२०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. योजलेल्या आठ उदंचन केंद्रांपैकी सहा पुढील दीड दशकात उभी राहिली. मोगरा व माहूल येथील दोन जागेच्या व परवानग्यांच्या प्रश्नांत दीर्घकाळ अडकली.

आता आकड्यांकडे पुन्हा पाहू. ६१६ चे १२०० झाले, तेव्हा ‘विलंबाने खर्च दुप्पट झाला’ असे सर्वत्र म्हटले गेले. पण चौदा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला सुमारे पाच टक्के; त्या काळची महागाईच याहून अधिक होती. म्हणजे २००७ पर्यंत तरी नगरपालिकेच्या खतावणीत विलंबाने फारसे काही बिघडले नाही, आणि मला वाटते, खरी धोक्याची गोष्ट हीच आहे. विलंबाचा तोटा नगरपालिकेच्या वहीत लिहिलाच जात नाही. तो लिहिला जातो हिंदमातेच्या दुकानदाराच्या भिजलेल्या मालात, कुर्ल्याच्या झोपडीतल्या कुजलेल्या धान्यात, बुडालेल्या रोजंदारीत आणि पावसाळी तापाच्या औषधांत. ही एक पट्टीच आहे. तिला सभागृहाची मंजुरी लागत नाही, तिची पावती मिळत नाही, आणि ती उताराच्या क्रमाने, म्हणजे सर्वांत सखल भागात राहणाऱ्याकडून सर्वांत जास्त वसूल होते. पट्टी न बसविल्याने करदाता वाचला असे ज्यांना वाटते, त्यांनी हा हिशेब मांडून पाहावा.

४

पैसा कोणी द्यावा, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र लंडनला किंवा मुंबईला पुरते सापडले नव्हते. दोन्हीकडे आधार घराच्या किमतीचा होता. किमतीचा आणि पाण्याचा संबंध काय? चार मजली घर आणि तितक्याच जागेवरची एक मजली वखार यांच्या छपरांवरून सारखेच पाणी वाहते.

हा विचार प्रत्यक्षात आणणाऱ्या पहिल्या काही नगरांत अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बेलव्ह्यू या गावाची गणना होते. गाव वाढत होते. नवी घरे व फरसबंद आवारे यांमुळे ओढ्यांना पूर येऊ लागले होते. १९७४ साली तेथील नगरपालिकेने पर्जन्यजलाचे स्वतंत्र खाते स्थापन केले. त्याला पाणीपुरवठ्याप्रमाणेच स्वतःची वही, स्वतःचे उत्पन्न. आणि आकारणीचा आधार धरला तो जमिनीचे क्षेत्र व त्यावरील बांधकामाची दाटी. मोकळ्या हिरव्या जागेला थोडे, फरसबंद आवाराला अधिक. विशेष असे, की त्या गावाने सर्व ओढे नळांत कोंडण्याऐवजी ते उघडे राखले, आणि पाणी काही काळ अडवून हळूहळू सोडण्याची व्यवस्था केली. खाते स्वतंत्र असल्यामुळे वाहिनी बांधण्याइतकाच ओढा राखण्याचा खर्चही त्यात कायमचा बसला. अमेरिकेत अशी खाती आता दीड हजारांहून अधिक झाली आहेत. फिलाडेल्फियाने २०१० मध्ये ही पद्धत मोठ्या व्यापारी मिळकतींना लागू केली, तेव्हा मौज अशी झाली, की ज्या मोटारतळांवर पाण्याची तोटी नसल्याने आजवर एक पैचे देयक जात नव्हते, त्यांच्यावरही आकारणी आली. त्यांच्या डांबरावरून गटारात जाणारे पाणी मात्र इतकी वर्षे कोणीतरी दुसराच वाहून नेत होता.

तथापि हे उत्तर राजकारणाच्या पुरात टिकेलच, असे नाही. मेरिलँड राज्याने २०१२ मध्ये मोठ्या नगरांना व परगण्यांना अशी आकारणी सक्तीची केली. विरोधकांनी तिला ‘पावसावरचा कर’ असे नाव दिले, आणि त्या एका नावाने शेकडो पानांच्या अहवालांचा पाडाव केला. २०१५ मध्ये ती सक्ती रद्द झाली. कर पावसावर नव्हता, फरशीवर होता. पण हे लोकांना वेळीच समजावून सांगितले गेले नव्हते. १८७१ च्या मुंबईकर करदात्याची आणि २०१५ च्या मेरिलँडवासीयाची तक्रार तत्त्वतः एकच होय: पैसा कशासाठी, आणि तो तेथेच लागेल याची हमी काय?

५

या तिन्ही कथांवरून एखादे ठोकळेबाज सूत्र काढण्याचा मोह टाळलेला बरा. प्रत्येक नगराचा उतार निराळा आणि त्याची तिजोरीही निराळी. तथापि ज्यांच्या टेबलावर आज ना उद्या एखाद्या गावाच्या निचऱ्याची फाइल यावयाची आहे, त्यांना काही गोष्टी विचारता येतील. गावात वाहिन्या व नाले किती, कोठे आणि किती वर्षांचे, याची यादी आहे काय? कारण ज्या मालमत्तेची यादी नाही तिचा घसाराही कोणी धरीत नाही, आणि ती एके दिवशी अकस्मात जुनी होते. बांधणीसाठी कर्ज काढले, तर दरसाल गाळ काढण्याचा आणि पंप चालविण्याचा खर्च कोणत्या रकमेतून? कारण अनुदानाने उदंचन केंद्र उभे राहते, परंतु पंप चालतो तो नगरपालिकेच्या विजेच्या देयकावर. आणि या कामासाठी जमा झालेला पैसा वर्षअखेरीस दुसरीकडे वळविता येणार नाही, अशी तरतूद आहे काय? केंद्र शासनाने पर्जन्यजलाच्या निचऱ्यासाठी स्वतंत्र नियमपुस्तिका २०१९ साली प्रसिद्ध केली. तोवर हा विषय मैल्याच्या पुस्तकातले एक प्रकरण म्हणून नांदत होता. पुस्तक वेगळे झाले, ही चांगली गोष्ट झाली. खातेवही वेगळी होणे बहुतेक ठिकाणी अद्याप उरले आहे.

लंडनच्या ज्या गृहस्थाने १८५८ साली पहिले तीन पेन्स भरले, त्याला ते पूर्ण झालेले काम कदाचित दिसलेही नसेल. त्याच्या नातवाला ते कधी भरले गेले याची आठवणही नसेल. नगराच्या कारभारात जे काम चोख होते त्याची आठवण राहत नाही, हा सरकारी नोकरीतला नित्याचा अनुभव आहे, आणि त्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. आषाढातल्या एखाद्या रात्री मुसळधार पाऊस पडावा, सखल वस्तीतल्या माणसाने कूस बदलून पुन्हा झोपी जावे, आणि सकाळी त्याने उंबऱ्याकडे पाहूही नये, एवढ्यासाठी कोणीतरी पूर्वी एका कोरड्या फाल्गुनात एका अप्रिय रकमेवर सही केलेली असावी लागते.